होडी चालवता येते, मग शिकायचं काय राहिलं?

प्रश्न : आम्ही चार मित्रांनी मिळून एक छोटी फायबरची होडी घेतली आहे, मागे आउटबोर्ड इंजिन लावलेली. ती रेवदंड्याच्या खाडीत ठेवतो. इंजिन चालू करणं, वळवणं, मागे घेणं हे सगळं दोन-तीन शनिवारांत जमलं. पण धक्क्यावरचे एक म्हातारे तांडेल आम्हाला म्हणतात, "तुम्हाला इंजिन येतं, होडी येत नाही." यात नक्की काय शिकायचं राहिलं आहे? की हा जुन्या माणसांचा नेहमीचा सूर आहे?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : सूर जुना असेल, पण बोलणं बरोबर आहे. तांडेलकाकांना चहा पाजा आणि त्यांच्या शेजारी बसा. या उत्तरातला निम्मा भाग ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला सांगतील.

आधी इंजिनाचं बघू, कारण तेही वाटतं तेवढं आलेलं नसतं. मोटारगाडी पुढच्या चाकांनी वळते, होडी मागून वळते. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उजवीकडे नेली की पिछाडी डावीकडे फेकली जाते. म्हणून धक्क्याला लागलेली होडी घाईने बाहेर वळवली की तिची मागची बाजू धक्क्यावर आदळते. नव्या लोकांच्या होड्यांचे मागचे कोपरे पाहा, हा धडा तिथे कोरलेला दिसेल. दुसरं असं की होडीला ब्रेक नाही. इंजिन न्यूट्रलला टाकलं तरी ती पुढे जात राहते, आणि थांबली की वारा नि पाणी तिला आपल्या मर्जीने नेतात. धक्क्याला लागताना वारा आणि प्रवाह यांपैकी ज्याचा जोर जास्त असेल त्याच्या तोंडावर होडी आणायची, म्हणजे तोच तुमचा ब्रेक होतो. वेग किती ठेवावा? धक्का लागला तर रंगही जाऊ नये, इतका.

पण तांडेलकाकांना म्हणायचं आहे ते याच्या पुढचं आहे. पाणी आत्ता कसं आहे हे कुणालाही दिसतं. तीन तासांनी ते कसं असेल हे ज्याला सांगता येतं, त्याला होडी येते.

पहिली गोष्ट भरती-ओहोटीची. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, आणि म्हणून वेळ रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. कोकणातली माणसं यासाठी पंचांग वापरत आली आहेत. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. ही वेळ दिवसालाही लागू आणि रात्रीलाही. हिशेब ढोबळ आहे. खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते, त्यामुळे मिनिटांसाठी सर्व्हे ऑफ इंडियाचं भरती-ओहोटीचं कोष्टकच बघायला हवं. पण मोबाइलची बॅटरी संपल्यावरही डोक्यात राहतो तो पाऊणपटीचा हिशेब.

वेळेइतकंच पाणी किती चढतं-उतरतं हे महत्त्वाचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, म्हणजे हा चढउतार सगळ्यात मोठा, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात लहान. उधाणात मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. मालवण-गोव्याकडे तो साधारण निम्म्यावर येतो. शिवाय पाणी एकसारख्या चालीने उतरत नाही. सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा उतरतो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे चार मीटरचा फरक असेल तर मधल्या दोन तासांत दोन मीटर पाणी जातं. जेवायला किनाऱ्याला लावलेली होडी जेवण आटोपेपर्यंत चिखलात बसते, ती याच दोन तासांत. मग पुढच्या भरतीपर्यंत गाणी म्हणत बसायचं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळा-उन्हाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो. दुपारी किनारा तापला की समुद्राकडून खारे वारे सुटतात, आणि मार्च ते मे या महिन्यांत दुपारनंतर त्यांना चांगलाच जोर चढतो. मतलई फसवा असतो. तो जमिनीवरून येत असल्यामुळे किनाऱ्याजवळ लाट उठत नाही, पाणी ताटासारखं दिसतं. पण तोच वारा कयाक, हवेची होडी किंवा इंजिन बंद पडलेली बोट सरळ समुद्रात घेऊन जातो. जेवढं लांब जाल तेवढ्या लाटा मोठ्या होत जातात.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवा. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीचं पाणी खाडीतून पश्चिमेला बाहेर धावतं आणि समुद्राची लाट पूर्वेला आत येते. पाणी आणि लाट समोरासमोर आले की लाटेची लांबी कमी होते, उंची वाढते आणि ती उथळ दांड्यावर फुटते. उधाणाच्या दिवशी भरती बाराच्या आसपास भरते, म्हणजे ओहोटीचा सगळ्यात जोराचा प्रवाह दुपारी तीनच्या सुमारास येतो. खाऱ्या वाऱ्याचा जोरही तेव्हाच शिगेला असतो. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या दिवसांत दुपारी तीन ते पाच ही खाडीच्या तोंडातून आत येण्याची सगळ्यात वाईट वेळ. आणि सहलीची मंडळी नेमकी त्याच वेळेला परततात! सकाळी त्याच ठिकाणी आरशासारखं पाणी बघितलेलं असतं, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. अष्टमीच्या दिवशी चित्र उलटं. दुपारी भरती चढत असते, प्रवाह मंद असतो आणि वाऱ्याच्याच दिशेने वाहतो. तीच होडी, तीच खाडी, तीच माणसं, पण आत येणं सोपं.

म्हणून निघण्याआधी निघायची वेळ ठरवू नका, परतायची ठरवा. ती भरती आणि वारा बघून ठरवा, मग मागे मोजत या. तोंडाशी लाटा फुटताना दिसल्या तर बाहेरच थांबून पाणी मंदावण्याची वाट बघणं यात कमीपणा नाही. मांडवीच्या तोंडाशी असलेल्या आग्वादच्या दांड्यामुळे गोव्यात पावसाळाभर तिथून जहाजांची ये-जा बंद असते. त्या जहाजांपुढे तुमची होडी केवढी! लाटांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था रोज देते, वाऱ्याचा हवामान खातं देतं. दोन्ही फुकट आहेत. इंधनाचा नियमही साधा ठेवा : एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेलं हात न लावण्यासाठी. समोरून वारा लागला की येताना इंजिन जास्त पितं.

तिसरी गोष्ट नांगर. हौशी लोक नांगर म्हणजे जेवायला थांबायचं साधन समजतात. खरं तर इंजिन बंद पडलं की खडकावर जाण्यापासून वाचवणारी एकच वस्तू होडीत असते, ती नांगर. तो वजनाने धरत नाही. तळाशी आडवी ओढ बसली की त्याचं पातं जमिनीत रुततं. त्यासाठी दोरी खोलीच्या किमान पाचपट सोडावी लागते, वारा असेल तर सातपट, आणि नांगराला लागून काही मीटर साखळी हवी. खोली मोजताना लोक चुकतात ती अशी. ओहोटीला तीन मीटर पाण्यात नांगर टाकला. भरतीला पाणी चार मीटर चढणार, आणि होडीची नाळ पाण्यापासून एक मीटर वर. म्हणजे हिशेबाची खोली आठ मीटर, आणि दोरी चाळीस मीटर. पंधरा मीटर दोरी सोडून झोपणाऱ्याचा नांगर भरती येताच सरळ वर उचलला जातो. दोरीचं दुसरं टोक होडीला बांधलं आहे ना, हेही आधी बघून घ्या. हसू नका, न बांधलेला नांगर दोरीसकट पाण्यात जाणं ही जगभरातल्या धक्क्यांवरची नेहमीची गंमत आहे.

गाठी किती शिकाव्यात? पुस्तकांत शेकड्याने असतात, तुम्हाला तीन-चार पुरतात. न आवळणारा फास देणारी बोलाइन, खुंट्याला गुंडाळायची गाठ, आणि दोरीच्या टोकाला निसटू नये म्हणून मारायची आठाची गाठ. ताण बसल्यावर घट्ट राहणं आणि ताण गेल्यावर हाताने सुटणं, ही गाठीची परीक्षा. निरगाठ पहिल्या अर्ध्यात पास होते आणि दुसऱ्यात नापास. या तीन-चार गाठी अंधारात, ओल्या हातांनी मारता येईपर्यंत घोटा.

आणि एक सराव कुणीच करत नाही तो कराच : माणूस पाण्यात पडल्याचा. सोललेला नारळ पाण्यात टाका आणि परत उचलून आणा. पडताक्षणी ओरडायचं, एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं आणि नजर हलवायची नाही, कारण लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढंच दिसतं. तरंगणारं काही हाताशी असेल ते फेकायचं. मग वळून वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू त्याच्याकडे यायचं, आणि तो जवळ येताच इंजिन न्यूट्रल नव्हे, बंद करायचं. इंजिनाचा फिरता पंखा बुडण्याहून लवकर जीव घेतो. नारळ पहिल्या खेपेला मिळत नाही, हे आधीच सांगतो.

इंजिनाबरोबर एक लाल गुंडाळीची दोरी येते, ती चालकाच्या मनगटाला किंवा मांडीला अडकवायची असते. चालक पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. ती नसेल तर रिकामी होडी गोल गोल फिरत पाण्यातल्या माणसावर परत येते. अमेरिकेत २६ फुटांहून लहान बोटींवर ती वापरणं १ एप्रिल २०२१ पासून कायद्याने सक्तीचं केलं आहे. आपल्याकडे ती बहुतेक वेळा इंजिनाच्या खोक्यातच राहते.

रीतसर शिकायचं असेल तर गोव्यात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथे बोट हाताळणं आणि जीवरक्षण यांचे छोटे अभ्यासक्रम होतात. मुंबईच्या बंदरात शिडाच्या होड्या चालवणारे क्लब आहेत. जमलं तर शीड शिकाच. इंजिन वाऱ्याकडे दुर्लक्ष करू देतं, शीड करू देत नाही. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे ते पहिले भारतीय. ती बोट आपल्या गोव्यात बांधलेली होती. तुम्हाला तेवढं लांब जायचं नाही, पण रस्ता तोच आहे. नोंदणी, तपासणी आणि चालकाचा दाखला यांसाठी जवळच्या बंदर निरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन या. ही कागदपत्रं तुम्ही केली असतील असं धरून चालतो.

प्रश्न : मला उत्तम पोहता येतं. बोटीवर लाइफ जॅकेट हाताशी ठेवलं तर चालणार नाही का? ते घालून फार उकडतं.
– एक वाचक, पनवेल

उत्तर : उकडतं हे मान्य. बाकी नाही.

पोहणारा माणूस पाण्यात उतरतो, अपघातातला माणूस पाण्यात फेकला जातो. डोक्याला मार, अंगात कपडे, नाकातोंडात पाणी, वर बुडत्याची मिठी. अशा वेळी बोटीच्या फळीखाली ठेवलेलं जॅकेट कुणालाही काढून, पट्टे लावून घालता येत नाही. अमेरिकेचं तटरक्षक दल हौशी बोटींच्या अपघातांचा अहवाल दरवर्षी काढतं. त्यात वर्षानुवर्षं हेच दिसतं : मेलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश बुडून मरतात, आणि बुडालेल्यांतल्या दर दहांपैकी आठांहून अधिक जणांच्या अंगावर जॅकेट नसतं. त्यांतल्या अनेकांना पोहता येत असणारच.

माणसाचं अंग पाण्यात जवळजवळ तरंगतंच. डोकं वर ठेवायला चार-पाच किलो उचलण्याएवढा जोर पुरतो. म्हणून ५० न्यूटनचं जॅकेट, म्हणजे साधारण पाच किलोचा जोर, शांत पाण्यात आणि मदत जवळ असताना पोहणाऱ्याला चालतं. पण बेशुद्ध माणसाला उताणं वळवून त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवायचं तर १०० किंवा १५० न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं लागतं. घेताना आकडा बघा, रंग नव्हे. मुलांचं जॅकेट वजनावरून निवडायचं. "पुढच्या वर्षी येईल" म्हणून मोठं घेतलं तर मूल त्यातून खाली निसटतं.

घातलेलं जॅकेट बरोबर आहे का हे बघायला दुसऱ्याने ते खांद्यांपाशी धरून वर ओढावं. हनुवटी आत गेली तर पट्टे सैल आहेत. पर्यटकांच्या बोटींवर फोटोपुरतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात पडताच डोक्यावरून निघून जातं आणि माणसाआधी किनाऱ्याला लागतं.

प्रश्न : समुद्रात रस्ते नाहीत, मग कुणी कुणाला वाट द्यायची हे कोण ठरवतं? रात्री मुंबईच्या बंदरात लाल-हिरवे दिवे दिसतात त्यांचा अर्थ काय?
– एक वाचक, उरण

उत्तर : हे ठरवतो १९७२ चा आंतरराष्ट्रीय नियमसंच. तो १९७७ पासून लागू झाला, आणि मोठ्या जहाजापासून तुमच्या होडीपर्यंत सगळ्यांना सारखाच बांधतो.

प्रत्येक बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा असतो. प्रत्येक दिवा ठरावीक कोनातूनच दिसतो. म्हणून अंधारात नुसत्या दिव्यांवरून समोरची बोट कुठे चालली आहे ते कळतं. लाल आणि हिरवा एकत्र दिसले तर ती सरळ तुमच्यावर येते आहे. दोघांनीही उजवीकडे वळायचं. रस्त्यावर आपण डावीकडे होतो, त्यामुळे नवशिक्याचा हात घाबरल्यावर हमखास चुकीकडे जातो. एकमेकांचा मार्ग छेदत असाल तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट आहे तिने वाट द्यायची. उजवीकडून येणारी बोट तुम्हाला तिचं डावं अंग, म्हणजे लाल दिवा दाखवते, आणि डावीकडून येणारी हिरवा. सिग्नलचंच शहाणपण इथेही चालतं. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं. इंजिनवाल्याने शीडवाल्याला आणि मासेमारी करत असलेल्या बोटीला वाट द्यायची. जाळ्याचे बोये दिसले की लांबून जा. पंख्यात जाळं गुंतलं तर तुमची सहल आणि कुणाची तरी कमाई, दोन्ही गेल्या.

टक्कर होणार का हे ओळखायची युक्ती सोपी आहे. दुसरी बोट तुमच्या होडीवरच्या एखाद्या खांबाच्या रेषेत धरा. थोड्या वेळाने ती रेषेच्या पुढे किंवा मागे सरकली तर ठीक. तिथेच राहून नुसती मोठी होत गेली तर टक्कर ठरलेली आहे. तेव्हा लवकर आणि ठळकपणे वळा, समोरच्याला कळेल असं.

मोठ्या जहाजांच्या बाबतीत मात्र नियमाचा हट्ट धरू नका. अरुंद जलमार्गात वीस मीटरहून लहान बोटीने त्यांच्या वाटेत यायचं नाही, असा नियमच आहे. नसता तरी अक्कल तेच सांगते. न्हावाशेव्याला येणाऱ्या कंटेनर जहाजावरून नाळेपुढचं शेकडो मीटर पाणी दिसत नाही. पंधरा नॉट वेगाने ते एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, चार मिनिटांत कापतं, आणि थांबायला त्याला मैल लागतात. जलमार्ग ओलांडायचाच तर काटकोनात, जहाजाच्या मागून ओलांडा. आत येताना लाल बोये डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला राहतात. अमेरिकेत हे नेमकं उलटं आहे. तिकडून शिकून आलेल्या पाहुण्याला इथे सुकाणू देताना एवढं आधी सांगा.

या सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच आहे : कायम नजर ठेवा. १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. नौदलाच्या बोटीवर इंजिनाची चाचणी चालू होती. पंधरा जणांचा जीव गेला. वेळ दिवसाउजेडाची होती आणि पाणी शांत होतं.

प्रश्न : आम्ही समुद्रावर जात नाही. धरणाच्या पाण्यात बोटिंग करतो. तिथे भरती नाही, लाटा नाहीत. मग हे सगळं आम्हाला कशाला?
– एक वाचक, इंदापूर

उत्तर : तुम्ही उजनीच्या काठावरून हे विचारता आहात म्हणून स्पष्ट लिहितो. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली. सातांपैकी एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले.

समुद्रावरचा वारा बहुधा सांगून वाढतो, वळवाचा सांगत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग कोबीच्या गड्ड्यासारखे वर चढू लागले, त्यांचा माथा पसरला, उकाड्यात वारा एकदम पडला आणि मग गार झुळूक आली, की तुमच्या हातात मिनिटं असतात. पाऊस त्या वाऱ्याच्या मागून येतो, म्हणून पावसाची वाट बघू नका. वीज दिसून तीस सेकंदांत गडगडाट ऐकू आला तर वादळ दहा किलोमीटरवर आहे. त्याआधीच काठ गाठायला हवा. पसरट जलाशयात लाट समुद्राएवढी उंच नसते, पण आखूड, उभी आणि एकामागोमाग एक येते. काठ खाली असलेल्या होडीला तीच भरून टाकते.

भरलेलं पाणी तळाशी शांत बसत नाही. होडी जिकडे कलते तिकडे ते धावतं आणि तिला आणखी कलवतं. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. अशा वेळी सगळे घाबरून उभे राहिले किंवा एका बाजूला सरकले की होडी जाते. खाली, मधोमध बसायचं, पाणी उपसायचं आणि नाळ लाटेकडे तिरकी धरायची. बारा जणांच्या होडीत वीस जण बसवणाऱ्याला "नाही" म्हणून धक्क्यावर उभं राहायला जी हिंमत लागते, ती या विषयातली सगळ्यात उपयोगी हिंमत आहे. चालवणाऱ्याने दारू घेतली असेल तरीही हेच.

उलटलीच, तर होडीला धरून राहा. लाकडी आणि बऱ्याच फायबरच्या होड्या उलट्या होऊनही तरंगतात. काठ वाटतो त्याहून लांब असतो, आणि शोधणाऱ्याला एकट्या डोक्यापेक्षा होडीचं बूड लवकर दिसतं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांचे बुंधे पाण्याच्या अगदी खाली येतात. उजनीत पळसदेवाचं मंदिर वर येतं तेव्हा लोक फोटो काढायला होड्या घेऊन जातात. त्याच्या आजूबाजूचं न दिसणारं गावही तेवढंच जवळ आलेलं असतं. तिथे वेग कमी ठेवा आणि एकाला पुढे बसवून पाण्याकडे बघायला सांगा.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनजवळ राहते. इथे बोट चालवायला परवाना लागत नाही असं ऐकलं. खरं आहे का?
– एक वाचक, इंग्लंड

उत्तर : खरं आहे. खासगी हौशी बोट समुद्रात न्यायला तिथे प्रमाणपत्राची सक्ती नाही. तरीही असंख्य लोक रॉयल यॉटिंग असोसिएशनचे कॉम्पिटंट क्रू आणि डे स्किपर हे अभ्यासक्रम स्वखुशीने करतात. युरोपात बोट घेऊन जायची तर अनेक देशांत दाखला मागतात. व्हीएचएफ रेडिओसाठी मात्र तिथेही परवाना आणि परीक्षा आहे. संकटात चॅनल १६ वर तीनदा 'मेडे', मग बोटीचं नाव, जागा, काय झालं आणि किती माणसं, या क्रमाने सांगायचं.

तुमच्याकडचा खरा शत्रू गारठा. तिथलं समुद्राचं पाणी वर्षाच्या सरासरीत बारा अंशांच्या आसपास असतं, आणि पंधरा अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की श्वास आपोआप आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर खेळ संपतो. १८२४ पासून तिथे समुद्रातून माणसं वाचवणारी आरएनएलआय ही संस्था म्हणून सांगते, की पडल्यावर हातपाय मारू नका. मान मागे टाकून तरंगा, मिनिटभरात श्वास ताळ्यावर येतो, मग पुढचं बघा. मूळची कोकणातली असाल तर हे मुद्दाम लक्षात ठेवा. आपल्या कोमट अरबी समुद्रात याची सवय लागत नाही.

सगळ्यांसाठी एक विनंती. आपल्या किनाऱ्यावर समुद्रात अडचण आली तर भारतीय तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. तो आजच मोबाइलमध्ये ठेवा, आणि मोबाइल प्लास्टिकच्या बंद पिशवीत. पुढच्या वेळी निघताना कुठे जाता, कोण कोण बरोबर आहे आणि किती वाजता परतणार हे घरी एका माणसाला लिहून द्या. त्या वेळेनंतर तासभर वाट बघून फोन करायचा, हेही त्याला सांगून ठेवा.